कंबर दुखते, वजन वाढलंय आणि खुर्ची सुटत नाही: बसणं मोडायचं कसं

सोफ्यावरून उठायचं म्हणजे आधी कडेला सरकायचं, तळवे गुडघ्यांवर ठेवायचे, एक झोका घ्यायचा. तो फुकट गेला की दुसरा. उभं राहिल्यावरही जरा तसंच थांबायचं, कारण पाय निघायला तयार असतात पण कंबर अजून सरळ झालेली नसते. रोज असं उठावं लागणारा माणूस दर वेळी मनातल्या मनात हिशेब करतो: एवढं उठण्यासारखं काम आहे का? बहुतेक वेळा उत्तर येतं, नंतर बघू.

माझं उत्तर काही वर्षं हेच होतं. कंबर, उजवा गुडघा आणि त्या दोघांवर वर्षागणिक चढत गेलेलं वजन. ‘रोज अर्धा तास चालत जा’ हे मला इतक्यांनी सांगितलं की पुढे पुढे मी फक्त मान डोलवायचे. सल्ला चुकीचा नव्हता, पण तो चौथ्या-पाचव्या पायरीचा होता. दहा मिनिटं उभं राहवत नाही त्याला अर्ध्या तासाची चाल सांगायची म्हणजे पोहता न येणाऱ्याला पैलतीर दाखवायचा.

व्यायाम करणं आणि बसणं कमी करणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं. हा लेख दुसऱ्या कामाबद्दल आहे.

बसणं म्हणजे नेमकं किती?

या विषयातली माणसं बैठेपणाची व्याख्या अशी करतात: जागेपणी बसून, रेलून किंवा आडवं पडून घालवलेला वेळ, ज्यात शरीराला शांत बसताना लागते त्याच्या फार तर दीडपट ऊर्जा लागते. झोप यात धरत नाहीत. म्हणजे सकाळी अर्धा तास चालून आलेला माणूस पुढचे बारा तास खुर्चीत असेल, तर तो व्यायाम करणारा आहे आणि बैठाही आहे.

१९५३ साली जेरी मॉरिस यांनी लंडनच्या बसमधले चालक आणि वाहक यांची तुलना केली. चालक दिवसभर बसून, तर वाहक दुमजली बसचे जिने चढत-उतरत. हृदयविकार चालकांमध्ये जास्त निघाला. मला मात्र आपल्या कामाचा वाटतो तो २००५ चा जेम्स लिव्हाइन यांचा अभ्यास. त्यांनी सडपातळ आणि लठ्ठ अशा दोन्ही गटांतल्या माणसांच्या अंगावर संवेदक लावून कोण किती बसतं ते मोजलं. लठ्ठ माणसं दिवसाला सरासरी १६४ मिनिटं जास्त बसत होती. पुढची गोष्ट जास्त बोलकी आहे: त्यातल्या लठ्ठांचं वजन उतरवलं, सडपातळांचं वाढवलं, तरी ज्याची त्याची बसण्याची सवय होती तिथेच राहिली. ‘आधी वजन उतरू दे, मग आपोआप हिंडेन’ असं आपण स्वतःला सांगतो ना, ते तितकंसं खरं नाही. बसण्यावर वेगळं काम करावं लागतं.

आणि ते काम फार मोठं नसतं. डेव्हिड डनस्टन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये जास्त वजनाच्या १९ प्रौढांना गोड पेय पाजून पाच तास बसवलं. एका दिवशी सलग, दुसऱ्या दिवशी दर २० मिनिटांनी उठून २ मिनिटं चालायला लावून. वेग ताशी ३.२ किलोमीटर, म्हणजे रेंगाळतच. तेवढ्यानेही रक्तातल्या साखरेची चढ जवळजवळ पावपट कमी झाली. घाम गाळायची गरज पडली नाही.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर निराशा नको. नुसतं उभं राहून वजन उतरत नाही. बसण्यापेक्षा उभं राहताना मिनिटाला साधारण ०.१५ कॅलरी जास्त जळते. ६५ किलोच्या माणसाने सहा तास बसायच्या ऐवजी उभं राहून काढले तर हिशेब ५४ कॅलरींचा. बसणं मोडायचं ते साखर, स्नायू, सांधे आणि दुखणं यांच्यासाठी. वजनाचं गणित त्याच्या वाटेने चालू दे.

दुखणं माणसाला बसवतं आणि बसणं दुखणं वाढवतं

तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या किंवा पुन्हा पुन्हा येणाऱ्या दुखण्याला जुनं दुखणं म्हणतात. तोवर मूळ इजा बऱ्याचदा भरून आलेली असते. तरी मज्जासंस्था इतकी हळवी झालेली असते की साध्या हालचालीलाही ती धोक्याची घंटा वाजवते. दुखतं ते खरंच दुखतं, त्यात खोटं काही नाही. पण ‘दुखलं म्हणजे आत काहीतरी झिजलं, फाटलं’ हे समीकरण इथे दर वेळी लागू पडत नाही.

आपण मात्र तेच धरून बसतो. दुखेल म्हणून हलायचं नाही, न हलल्याने मांड्या आणि पाठ अशक्त होतात, अशक्त स्नायूंवर तेवढंच काम जड जातं, मग आणखी दुखतं. २००० साली फ्लायन आणि लिंटन या दोन मानसशास्त्रज्ञांनी भीती, टाळाटाळ आणि दुखण्याचं हे चक्र नीट मांडलं. त्यात वजनाची भर पडते. गुडघेदुखी असलेल्या जाड माणसांवर झालेल्या एका अभ्यासात दिसलं की वजन एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो. शिवाय चरबी म्हणजे नुसता साठा नव्हे. ती दाह वाढवणारी रसायनं रक्तात सोडत असते.

कूर्चेचंही लक्षात ठेवा. हाडांच्या टोकांवरच्या या गुळगुळीत थराला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. सांध्यावर दाब पडतो, सुटतो, पुन्हा पडतो, तसं आजूबाजूचं वंगण स्पंजसारखं आत-बाहेर होतं आणि त्यातून तिला पोषण मिळतं. तासभर एकाच कोनात ठेवलेला गुडघा उठताना करकरतो, त्याचं थोडंफार कारण इथेच आहे.

सुरू करण्याआधी

काही लक्षणं असतील तर हा लेख बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा: जांघेत किंवा बसण्याच्या जागेवर बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, पायातली ताकद नव्याने कमी होणं, दुखण्यासोबत ताप किंवा कारण नसताना घटणारं वजन, एकाच पोटरीला सूज आणि गरमपणा, हालचालीत छातीत दुखणं किंवा एरवीपेक्षा वेगळी धाप. यातल्या पहिल्या तीन आणि शेवटच्या दोन गोष्टींत उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

औषधांची यादीही एकदा दाखवून घ्या. जुन्या दुखण्यासाठी दिली जाणारी प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन, अमिट्रिप्टिलिन यांसारखी औषधं झोपाळू करतात, उठताना गरगरवतात आणि काहींचं वजनही वाढवतात. रक्तदाबाच्या गोळ्यांनी झटकन उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर हालचाल वाढल्यावर साखर जास्त उतरू शकते. स्वतःच्या मनाने काही बंद करू नका. ‘मी आता दिवसभर उठत-बसत राहणार आहे, यात काही बदलायला हवं का?’ एवढं विचारा. रात्री जोरात घोरत असाल आणि सकाळी उठल्यावरही थकलेलेच असाल तर तेही बोला. झोपेत श्वास अडकण्याचा त्रास जास्त वजनात पुष्कळ आढळतो, आणि अपुऱ्या झोपेनंतर तेच दुखणं दुप्पट वाटतं.

पहिली पायरी: तीन दिवस नुसतं मोजा

काहीही बदलू नका. वही घ्या आणि दोन गोष्टी टिपा. एक, सलग सर्वांत जास्त वेळ केव्हा आणि कुठे बसलात. दोन, बसल्यापासून किती मिनिटांनी अंग अवघडायला लागलं, आणि उभं राहिल्यावर किंवा चालल्यावर किती मिनिटांनी कळ आली.

फोन पावलं मोजतो, बसणं नाही. शिवाय घरात फोन बऱ्याचदा टेबलावरच असतो. म्हणून वहीच बरी. माझ्या वहीने मला चकित केलं. मला वाटायचं माझं बसणं टीव्हीपुढचं. प्रत्यक्षात सर्वांत लांब बैठक निघाली रात्रीच्या जेवणानंतरची, हातात फोन धरून, त्याच खुर्चीत एक तास पन्नास मिनिटं.

दुसरी पायरी: घड्याळ लावा, आणि त्याचंच ऐका

या लेखातून एकच गोष्ट उचलणार असाल तर ही उचला. वेळ झाली की उठायचं. दुखलं की नाही.

आपण नेमकं उलटं करतो. बसून बसून कळ आली की उठतो आणि चालून चालून कळ आली की बसतो. म्हणजे प्रत्येक बदलाची सूचना दुखण्याकडून येते, आणि दुखणंच आपलं घड्याळ होऊन बसतं. जुन्या दुखण्याच्या उपचारांत वर्तनाचा विचार आणणारे विल्बर्ट फोर्डाइस यांनी हे नातं तोडायला सांगितलं: कामाचा आणि विश्रांतीचा वाटा आधी ठरवा, दुखण्याला ठरवू देऊ नका.

वाटा काढायची रीत सोपी आहे. समजा तीन दिवसांत बसल्यावर अवघडायला ४०, २५ आणि ३५ मिनिटं लागली. सरासरी साधारण ३३. त्यातला पाचवा हिस्सा कमी करा, २६ येतात, २५ धरा. आता दर २५ मिनिटांनी गजर. अंग अगदी छान असलं तरी उठायचं, कारण छान असतानाच तर उठायचं आहे. चालण्याचंही तसंच: ६, ४ आणि ५ मिनिटांना कळ आली असेल तर सरासरी ५, म्हणजे ४ मिनिटं चालून थांबायचं. ‘आज जमतंय तर सहा करू’ हा मोह आवरायचा.

गजराचा लवकरच वीट येतो आणि आठवड्याभरात हात न बघता तो बंद करायला शिकतो. म्हणून गजर खुर्चीपासून चार पावलांवर ठेवा. बंद करायला उठावंच लागतं, आणि एकदा उठलो की निम्मं काम झालेलं असतं.

तिसरी पायरी: उठायचं कसं, आणि उठून करायचं काय

उठण्याची पद्धत मला एका फिजिओथेरपिस्टने शिकवली, आणि ती इतकी साधी होती की आधी राग आला, हे कोणी आधी का नाही सांगितलं म्हणून. कुल्ले खुर्चीच्या कडेला आणा. पावलं मागे ओढा, इतकी की टाचा गुडघ्यांच्या जरा मागे येतील. पावलांत कुल्ल्यांएवढं अंतर. पोट मोठं असेल तर आणखी थोडं, म्हणजे पुढे वाकायला जागा होते. नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं कमरेतून पुढे झुका, आणि श्वास सोडत उभे राहा. श्वास कोंडून धरू नका. आपण पाठ ताठ ठेवून सरळ वर उचलायला बघतो, तिथे फसतो. वजन आधी पावलांवर आलं पाहिजे.

खुर्ची उंच असली तर हे सगळं सोपं होतं. बसल्यावर कुल्ले गुडघ्यांपेक्षा थोडे वर असावेत. खालच्या, मऊ सोफ्यात गुडघा खूप दुमडतो आणि उठताना त्याच्यावर सर्वांत जास्त भार येतो. कडक गादी घालून बैठक उंचावा, किंवा सरळ दुसरी खुर्ची धरा: हातांची, न डगमगणारी, चाकं नसलेली.

उठल्यावर एक-दोन मिनिटं पुरे. खोलीच्या टोकापर्यंत जाऊन या. भिंतीला किंवा टेबलाला हात लावून टाचा दहा वेळा वर-खाली करा. पोटऱ्यांचे स्नायू पायातलं रक्त वर ढकलतात, सूज उतरायला मदत होते. जागच्या जागी वजन या पायावरून त्या पायावर घ्या. नुसतं खांबासारखं उभं राहू नका. ताटकळत उभं राहणंही कमरेला सोसत नाही, आणि पायांच्या शिरा फुगलेल्या असतील तर त्यांनाही. काठी लागत असेल तर ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरा. बरेच जण त्याच बाजूला धरतात आणि मग काठीचा उपयोग नाही म्हणतात.

ज्यांना सारखं उभं राहणं शक्यच नाही, त्यांनी बसूनच करावं: एकेक पाय गुडघ्यातून सरळ करून पाच आकडे धरून ठेवायचा, पावलं वर-खाली, हात डोक्यावर, खुर्चीचे हात दाबून कुल्ले किंचित उचलायचे. तेही जमेना तर नुसती बैठक बदला. काहीच न करण्यापेक्षा प्रत्येक हालचाल बरी, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही आहे. त्या सूचनांत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय, पण बसण्याच्या तासांची मर्यादा दिलेली नाही. कमी करा आणि त्या जागी कसलीही हालचाल आणा, एवढंच म्हटलंय.

चौथी पायरी: घराला कामाला लावा

इच्छाशक्ती संध्याकाळपर्यंत टिकत नाही, सामानाची मांडणी टिकते. चार्जर पलीकडच्या खोलीत. पाण्याची मोठी बाटली न भरता छोटा पेला, म्हणजे पुन्हा उठावं लागतं. फोन आला की उभं राहून बोलायचं. टीव्हीचा एक भाग संपला की पुढचा आपोआप लागण्याची सोय बंद.

आणि ऐकायला उलटं वाटेल, पण घरात एक खुर्ची वाढवा. लांबच्या खोलीच्या वाटेवर मध्ये. ‘तिथपर्यंत जाईन, पण परत कशी येईन’ ही धास्ती माणसाला सर्वांत जास्त जखडते. मध्ये टेकायला जागा आहे म्हटल्यावर मी दिवसातून दुप्पट वेळा उठायला लागले, आणि त्या खुर्चीवर टेकायची वेळ क्वचितच आली.

घरच्यांशीही बोलावं लागतं. ‘आई, तू बस, मी देते’ हे मायेचं वाक्य माझ्याकडे दिवसात दहादा यायचं. दहा वेळा उठणं त्यात गेलं. मुलीला सांगितलं, मला आणून देऊ नकोस, माझ्याबरोबर चल. तिला ते पटायला आठवडा लागला. मला मागायची सवय सोडायला जास्त.

पाचवी पायरी: वाढवायचं, पण चोरपावलांनी

ठरलेला वाटा आठवडाभर बिनबोभाट जमला तरच वाढवा, आणि एका वेळी एकच गोष्ट: एक तर चालण्याची मिनिटं, नाही तर उठण्याची संख्या, नाही तर वेग. वेग सर्वांत शेवटी. चार मिनिटांची साडेचार झाली तरी ती वाढच आहे. चालताना बोलता आलं पाहिजे, वाक्य अर्ध्यात तुटत असेल तर जास्त होतंय.

इथे वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त घात करतात. एका सकाळी मला इतकं हलकं वाटलं की राहिलेलं कपाट आवरायला घेतलं. दोन तास, वाकून, उचलून, वरच्या फळीपर्यंत. दुपारी अभिमान, रात्री ठणका, आणि पुढचे पाच दिवस अंथरुणात. दोन तासांच्या कमाईवर पाच दिवसांचा खर्च. तेच कपाट रोज एक कप्पा, दहा मिनिटं, मध्ये बैठक, असं आवरलं असतं तर आठवड्यात झालं असतं.

किती दुखणं चालवून घ्यायचं? शून्य ते दहाच्या मापावर नेहमीपेक्षा फार तर दोन अंक वाढलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत नेहमीच्या जागी आलं, तर चालू ठेवा. दुसऱ्या सकाळीही वाढलेलंच असेल तर कालचा वाटा मोठा होता. पाव हिस्सा कमी करा. स्नायूंची रग आणि सांध्यातली तीक्ष्ण सणक यांतला फरक काही आठवड्यांत अंगाला कळायला लागतो.

दुखणं उसळलं तर

उसळणारच. म्हणून त्या दिवसाचा बेत आधीच वहीत लिहून ठेवा, कारण कळ आलेली असताना डोकं चालत नाही. माझा बेत असा आहे: चालण्याची मिनिटं निम्मी, पण गजर तोच. उठणं जमत नसेल तर त्या गजराला अंथरुणातच पावलं हलवायची, गुडघे दुमडून कुशी बदलायची. शेक किंवा डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलेली गोळी. दुसऱ्या दिवशी पाऊण वाटा, तिसऱ्या-चौथ्या दिवशी पूर्ण. शून्यावर यायचं नाही, कारण शून्यावरून पुन्हा सुरू करायला लागणारं बळ काही वेगळंच असतं. दोन आठवड्यांत नेहमीच्या पातळीला आलं नाही, किंवा दुखण्याची जागा वा जातच बदलली, तर दाखवायला जा.

मोजायचं काय

वजनकाटा रोज पाहू नका. महिन्यातून एकदा ही चाचणी करा: भिंतीला टेकवलेली खुर्ची, ३० सेकंदांचा गजर, हात छातीवर घडी घालून जितक्या वेळा पूर्ण उभं राहता येईल तितके आकडे. हातांचा आधार लागत असेल तर घ्या, फक्त वहीत ‘हात धरून’ असं लिहा, म्हणजे पुढच्या महिन्याशी तुलना खरी होईल. शेजारी कोणीतरी उभं असू द्या. त्याच पानावर त्या आठवड्यातली सर्वांत लांब बैठक किती मिनिटांची होती तेही लिहा.

माझ्या पहिल्या पानावर आहे: ‘४, हात धरून. बैठक ११० मि.’ सातव्या महिन्याच्या पानावर: ‘७, हात न धरता. बैठक ४० मि.’ वजन त्या काळात तीन किलो उतरलं होतं, दुखणं पूर्ण गेलं नव्हतं आणि अजूनही गेलेलं नाही. तपासणीला जाताना ही वही बरोबर न्या आणि फाइलच्या आधी ती उघडा.